‘चालू आहे’ आणि ‘चालू ठेवावयाचे आहे’

(मंडळाच्या वर्धापनदिनी वरणगाव येथे केलेले भाषण)



भाषणाला उभी राहण्याची माझी ही पहिलीच वेळ. हळदीकुंकवाची बोलावणी करणे, पापडाचा हिशेब ठेवणे, सहलीचे पैसे गोळा करणे ही कामे मी आजवर करीत आले. बोलण्याचे काम दुसऱ्यांचे. पण गेल्या वर्षी मंडळाच्या कामात माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती कशी झाली हे मी एकदा सर्वांपुढे सांगावे असे चिटणीसबाईंचे म्हणणे पडले. हे त्यांनी शिक्षा म्हणून सांगितले की कौतुक म्हणून, ते मला अजून उमगलेले नाही.

विषय इंग्रजीचा आहे आणि माझे शिक्षण सातवी. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे, म्हणजे माझ्या वाट्याला ते जेमतेम तीन वर्षे आले. पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. तोवर माझे लग्न होऊन मी या गावी आलेही होते. तेव्हा मी जे सांगेन ते कुणा विदुषीचे बोलणे समजू नका. ठेच लागलेली बाई दुसरीला ‘इथे दगड आहे बरे’ म्हणून सांगते, तसे समजा.

आपला शिवणवर्ग तुम्हां सर्वांना माहीत आहे. सहा मशीन आणि चौदा शिकणाऱ्या. खोली मात्र आपली नाही. ज्या संस्थेची आहे तिचे नाव मी घेत नाही, कारण चूक त्यांची नव्हतीच. त्यांचा कारभार परगावाहून चालतो आणि पत्रव्यवहार सगळा इंग्रजीत. त्यांनी खोली एक वर्षासाठी दिली होती आणि ते वर्ष मार्चअखेर भरत होते. मुदत वाढवून मागण्याचा अर्ज लिहावयाचा होता. चिटणीसबाई नेमक्या त्या वेळी मुलीच्या बाळंतपणासाठी नाशिकला. जाताना मला म्हणाल्या, “वहिनी, दोन ओळी लिहून टाका. वर्ग पुढे चालू राहावा, एवढेच कळवायचे आहे.”

मला मोठी हौस वाटली. घरातल्या कुणाला न विचारता, मुलीची जुनी वही पुढे घेऊन मी दोन ओळी लिहिल्या. पहिली ओळ, ‘अवर सुइंग क्लास इज गोइंग ऑन.’ दुसरी, ‘इट विल गो ऑन.’ खाली आभार आणि सही. आठ दिवसांनी उत्तर आले. त्याचा अर्थ असा, की आपले पत्र मिळाले, नोंद घेतली, वाचून आनंद झाला. मी ते उत्तर देवघरात ठेवले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात वर्गाच्या दाराला नवे कुलूप. मुली बाहेर उभ्या, कुणाच्या हातात कात्री, कुणाच्या पिशवीत कापून ठेवलेला आणि अजून न जोडलेला ब्लाऊज. मुदत संपली, नवा अर्ज आला नाही, म्हणून खोली सामान ठेवायला दुसऱ्यांना दिली गेली होती. दिवस लग्नसराईचे. आपल्या वर्गातल्या दोघींनी बाहेरची कामे अंगावर घेतली होती. घरी मशीन नाही आणि वर्गाला कुलूप. एकीने रात्री शेजारणीच्या मशीनवर बसून काम उरकले. दुसरीचे अकरा ब्लाऊज परत गेले आणि त्याबरोबर उसनवारी फेडायचे पैसेही गेले. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

मी आणि अध्यक्षीणबाई चौकशीला गेलो. तिथल्या कारकुनांनी शांतपणे माझा कागद काढून पुढे ठेवला आणि म्हणाले, “ताई, तुम्ही यात मागितले काय? तुम्ही तर बातमी दिली. वर्ग चालू आहे, चालू राहील. आम्ही म्हटले, ठीक आहे, चांगली गोष्ट आहे.”

त्यांचे काय चुकले? काहीच नाही.

घरी येऊन मी रडले, हे लपवीत नाही. धाकटी मुलगी बारावीला आहे. तिने कागद वाचला, हसू दाबले आणि मला विचारले, “आई, तुला मराठीत नक्की काय म्हणायचे होते?” मी म्हटले, “वर्ग चालू.” ती म्हणाली, “चालू म्हणजे काय? चालू आहे? चालू राहील? चालू ठेवायचा आहे? की चालू ठेवू द्या?”

मैत्रिणींनो, मी गप्प झाले. जन्मापासून मराठी बोलते, पण या चार गोष्टी चार आहेत हे मला त्या दिवशी कळले. (पाचवीही आहे. एखाद्या माणसालाच ‘चालू’ म्हटले की काय होते ते तुम्हांला ठाऊक आहे. ते इथे नको.) ‘चालू आहे’ ही बातमी आहे. ‘चालू राहील’ हा आपला अंदाज, फार तर आपला निश्चय. ‘चालू ठेवायचा आहे’ ही आपली इच्छा. आणि ‘चालू ठेवू द्यावा’ हे मागणे. खोली दुसऱ्याची असताना शेवटचे म्हणायला हवे होते आणि मी पहिली दोन म्हणून मोकळी झाले.

माझी गल्लत कुठे झाली तेही मी नंतर शोधून काढले. माझे माहेर मलकापूरकडचे. आमच्या तिकडच्या बोलीत आई हाक मारून विचारायची, “काय करून राहिली व?” म्हणजे आत्ता काय करते आहेस. धुळ्याकडच्या माझ्या जाऊबाई अहिराणी बोलतात. त्या विचारतात, “काय करी ऱ्हायनी?” अर्थ तोच. दोन्हीकडे ‘राहणे’ आहे, पण ते आत्ता चाललेल्या कामासाठी. पुस्तकातल्या मराठीत मात्र ‘ती करीत राहिली’ म्हटले की अर्थ बदलतो. आधी करीत होती, पुढेही करीत राहिली, थांबली नाही. माझ्या डोक्यात माहेरचे राहणे आणि पुस्तकातले राहणे एकाच खुंटीवर टांगलेले. दोघांनाही मी एकच इंग्रजी सदरा घातला, ‘गोइंग ऑन’.

मग मुलगी म्हणाली, “आई, मराठीत तू हे सगळे बरोबर करतेस. तुला कळत नाही एवढेच.” आणि तिने मला एक खेळ लावून दिला. ‘बोलणे’ हा एक शब्द घ्यायचा आणि त्याला शेपूट जोडायचे. ती बोलत राहिली. ती बोलत बसली. ती बोलत सुटली. ती बोलत गेली. ती बोलत आली. पाचही ठिकाणी बोलणे थांबलेले नाही, पण बाई पाच निराळ्या आहेत! ‘बोलत राहिली’ ती ठाम आहे, मध्ये कुणी अडवले असेल तरी. ‘बोलत बसली’ तिची भाजी करपली आहे. ‘बोलत सुटली’ तिला लगाम नाही. ‘बोलत गेली’ तिचे एकातून एक निघत गेले आणि ऐकणाराही गुंगला. ‘आजवर बोलत आली’ तिला पुष्कळ वर्षे झाली आहेत. सासूबाई ओरडतात तेव्हा काय म्हणतात? “बोलत बसलीस का गं?” ‘बोलत राहिलीस का गं’ असे कोणती सासू म्हणेल? आणि कोणती सून यात चुकेल? व्याकरण न शिकता हे आपल्याला येते. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. आपल्या जळगावजवळच्या असोद्याला त्यांचा जन्म, सन १८८०. त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून घेतल्या आणि त्या गेल्यावर १९५२ साली त्यांचे पुस्तक झाले. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. आपल्याकडे प्रत्येक भाषणात हे सांगतात आणि टाळ्या घेतात. मी टाळ्यांसाठी सांगत नाही. शब्दाची पारख शाळेत जाण्याआधीच आपल्यापाशी असते, एवढ्यापुरते सांगते.

तर आता इंग्रजी. मला वाटत होते, इंग्रजीत यासाठी एकच शब्द असेल. निघाले चार-पाच. ते मला जसे समजले तसे सांगते. जाणत्यांनी सुधारून घ्यावे.

पहिला ‘कीप’. आपल्याकडे मे महिन्यात वीज जाते, येते, पुन्हा जाते. आपण म्हणतो, ‘वीज सारखी जाते.’ हे जे आपले ‘सारखे’ आहे, त्या ठिकाणी इंग्रजीत ‘कीप’ बसते. मूल सारखे रडते, सून सारखी माहेरी फोन करते, नळ सारखा गळतो, सगळीकडे कीप. म्हणजे काम अखंड चाललेले असेल तरी कीप, आणि थांबून थांबून पुन्हा पुन्हा होत असेल तरी कीपच. त्याला ‘ऑन’ जोडून ‘कीप ऑन’ केले की त्यात थोडा हट्ट शिरतो. बोलणाऱ्याचा कंटाळाही शिरतो पुष्कळदा. ‘शी कीप्स ऑन आस्किंग’ म्हणजे ती विचारतेच आहे, विचारतेच आहे, आता पुरे. पण नेहमी तक्रारच असते असेही नाही. पोर नापास झाले तर ‘कीप ऑन ट्रायिंग’ म्हणून धीर देतात, तेव्हा तोच हट्ट चांगला ठरतो. आपल्याकडे ‘चिकाटी’ आणि ‘चिकटपणा’ एकाच चिकापासून निघतात, तसेच. एक गोष्ट मात्र मुलीने मला दहादा घोटवली. कीपच्या पुढे काम आले की त्याला ‘इंग’ लागलेच पाहिजे. ‘कीप टू स्टडी’ असे म्हणता येत नाही. मी मात्र तेच म्हणत होते.

आता ज्याने मला फसवले तो ‘गो ऑन’. हा शब्द स्वभावाने वाईट नाही. गोष्ट सांगताना कुणी थांबले की आपण म्हणतो ना, “हं, पुढे?” ते म्हणजे ‘गो ऑन’. काळ जातो, पाऊस पडत राहतो, सभा रात्रीपर्यंत चालते, अशा आपल्या गतीने चाललेल्या गोष्टींना तो शोभतो. त्यात कुणी मागत नाही, कुणी परवानगी देत नाही. म्हणूनच माझ्या अर्जात तो बातमी होऊन बसला.

पण याच्यात एक गंमत आहे आणि ती मला फार आवडली. ‘शी वेंट ऑन स्टिचिंग’ म्हटले तर ती शिवत होती आणि शिवतच राहिली. आणि ‘शी वेंट ऑन टू स्टिच’ म्हटले तर ती आधी दुसरे काही करीत होती, बेतणे-कापणे म्हणा, ते संपवून मग शिवायला लागली. एवढासा ‘टू’, पण काम बदलते. मला हे काही केल्या लक्षात राहीना. तेव्हा आमच्या घरच्यांनी, ते नेहमी भुसावळला येऊन-जाऊन असतात, एक तोड काढली. म्हणाले, “मुंबईहून येणारी गाडी भुसावळपर्यंत एकच वाट धरते. पुढे फाटा. काही गाड्या वळून खंडव्यावरून इटारसीला जातात, काही आपल्या वरणगाववरून अकोला, नागपूर. ‘टू’ दिसला की समज, फाट्यावर गाडीने नवी वाट धरली.” तेव्हापासून मी चुकत नाही. आपल्याच मंडळात पाहा ना. ज्या ताई पाच वर्षांपूर्वी या वर्गात काजे करायला शिकत होत्या त्या आज वर्ग घेतात. शिकल्या, आणि पुढे शिकवू लागल्या. त्यांच्यासाठी ‘वेंट ऑन टू टीच’. आणि मी इतकी वर्षे पापडच लाटते आहे, माझ्यासाठी टू नाही.

‘कॅरी ऑन’ मला सर्वांत जवळचा वाटला. चार बायका बोलत बसल्या आहेत आणि पाचवी आत येते. सगळ्या गप्प होतात. ती अवघडून म्हणते, “चालू द्या, चालू द्या, तुमचे चालू द्या.” हेच ‘कॅरी ऑन’! मध्ये काही विघ्न आले आणि तरी पुढे न्यावयाचे, असे त्यात असते. ‘कॅरी’ म्हणजे उचलून नेणे, हे मला पाचवीपासून ठाऊक होते. कुणीतरी ओझे उचलते आहे, आपोआप चाललेले नाही, असे मला त्यात वाटते. भुसावळच्या बाजारात एका पोराच्या अंगात मी लाल सदरा पाहिला, त्यावर मुकुट आणि खाली शांत राहून कॅरी ऑन करा अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे. मुलगी म्हणाली, ही जुनी जाहिरात आहे. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू होताना इंग्लंडच्या सरकारने लोकांना धीर देण्यासाठी हे कागद लाखांनी छापून ठेवले होते. पण ते फारसे लावलेच नाहीत, बरेचसे रद्दीत गेले. २००० साली तिथल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यातला एक सापडला आणि मग साऱ्या जगात कपबशीवर आणि सदऱ्यावर गेला. साठ वर्षे घडी करून पडलेला कागद! मला त्या दुकानदाराचे कौतुक वाटले. मी रद्दी विकताना इतके बारकाईने पाहत नाही.

मात्र हा शब्दही मला अर्जात चालला नसता. ‘वुई विल कॅरी ऑन’ म्हटले तर ते म्हणाले असते, शाबास, करा. मागणे नाही ते नाहीच.

राहिला ‘कंटिन्यू’. हा कचेरीतला शब्द, इस्त्री केलेला. त्याला ‘इंग’ लावा की ‘टू’, फारसा फरक पडत नाही, त्यामुळे आपल्यासारखीला तो बरा. घरात कुणी मुलाला ‘जेवण कंटिन्यू कर’ म्हणत नाही, पण कागदावर हाच शोभतो. आपल्या गावाला हा शब्द नवा नाही. इथला आयुध कारखाना १९६४ पासूनचा. १ ऑक्टोबर २०२१ ला देशातल्या एकेचाळीस आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या आणि आपला कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला. कर्मचाऱ्यांना सुरुवातीला दोन वर्षे प्रतिनियुक्तीवर धरले, पुढे ती मुदत वाढत गेली. त्या दिवसांत ज्यांच्या ज्यांच्या घरचे माणूस कारखान्यात, त्या बायका दळणाला भेटल्या तरी एकच गोष्ट विचारीत. नोकरी कंटिन्यू आहे म्हणतात, पण म्हणजे किती दिवस? कागदावर ‘चालू राहील’ असे आले की आपण लगेच ‘कुठपर्यंत’ ते शोधतो. इतकी अक्कल मला दुसऱ्याच्या नोकरीच्या बाबतीत होती. आपल्याच खोलीच्या कागदावर ‘कुठपर्यंत’ लिहायचे मात्र मला सुचले नाही.

तर मुलीने नवा अर्ज लिहून दिला. शिवणवर्ग आणखी एक वर्ष, म्हणजे अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, कंटिन्यू करण्याची परवानगी मिळावी. मागणे आले, मुदत आली, शब्द आला. मी मोठ्या उमेदीने घेऊन गेले. कारकुनांनी वाचला, चष्मा काढला, आणि म्हणाले, “ताई, आता कंटिन्यू म्हणता येणार नाही.”

“का हो?”

“वर्ग बंद पडला ना? खंड पडला. आता ‘रिझ्यूम’ लिहावे लागेल, पुन्हा सुरू करणे. आणि पुन्हा सुरू करायचे म्हणजे समितीपुढे ठेवावे लागेल, नव्या अर्जासारखे.”

मला राग आला, पण ते खरेच होते. मार्चमध्ये एक ओळ बरोबर पडली असती तर काम कारकुनांच्या सहीने झाले असते. तीन आठवड्यांचा खंड पडला आणि शब्द बदलला, शब्दाबरोबर वाटही बदलली. समिती बसायला आणखी तीन आठवडे. मिळून सहा आठवडे वर्ग बंद होता, आणि लग्नाच्या तिथी तर कुणासाठी थांबत नाहीत. शेवटी खोली मिळाली, हे त्यांचे उपकारच. ज्या मुलीचे अकरा ब्लाऊज परत गेले होते तिची उसनवारी मंडळाच्या पापडाच्या शिलकीतून तूर्त भागवली आणि ती आता हप्त्याने फेडते आहे. हिशेब वहीत आहे, कुणीही पाहावा.

हा ‘रिझ्यूम’ शब्द मी घरी येऊन मुलीच्या कोशात पाहिला. तिने सांगितले, हीच अक्षरे निराळी वाचली की ‘रेझ्युमे’ होतो, म्हणजे नोकरी मागताना आपले शिक्षण नि अनुभव ज्यावर लिहितात तो कागद. मी म्हटले, माझा तो कागद एका ओळीचा होईल. ती म्हणाली, “का? पुढे शिक.” आणि तिथून आमच्या घरी जो वाद सुरू झाला तो, सांगते, अजून गोइंग ऑन आहे. हे मात्र मी बरोबर वापरले आहे, मुलीला विचारून.

दहावीला बाहेरून बसता येते. त्याला सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात, तुम्ही ऐकले असेल. पाचवी पास असले आणि वयाची चौदा वर्षे पूर्ण झाली असली की भरता येतो. माझी चौदा होऊन बराच काळ लोटला! त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणून मी माहेरी भावाला सांगून तो शोधायला लावला. पत्र्याच्या पेटीत बाबांच्या सात-बाराच्या उताऱ्यांखाली सापडला. भावाने आणून दिला. मी तो पहिल्यांदाच नीट वाचला. माझे नाव, जन्मतारीख, अक्षरी जन्मतारीख, प्रगती चांगली, वर्तणूक चांगली. आणि खाली एक रकाना असतो, ‘शाळा सोडण्याचे कारण’.

मी शाळा का सोडली हे मला ठाऊक आहे. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत. आठवीला पाच कोस जायचे, एस्टी सकाळी एक आणि संध्याकाळी एक. त्याच वर्षी आई आजारी पडली आणि धाकटी भावंडे तीन. कुणी मला ‘शाळा सोड’ म्हटले नाही. जून आला आणि मी गेले नाही, एवढेच. पण त्या रकान्यात निळ्या शाईने, सुंदर वळणदार अक्षरात लिहिलेले आहे, ‘पुढील शिक्षणासाठी’. सातवी झालेल्या प्रत्येकाच्या दाखल्यावर तसेच लिहीत असतील. गुरुजींनी काही पाहून लिहिले असेल असे नाही. पण मी तो कागद हातात धरून किती वेळ बसले ते मला सांगता येत नाही. बसलेच. ‘राहिले’ नाही, ‘बसले’. भाजी खरोखरच करपली.

आता वाद असा आहे. मुलगी म्हणते, “आई, एवढा मोठा खंड पडला, तुझ्यासाठी शब्द रिझ्यूम.” घरचे म्हणतात, “दाखल्यावर पुढील शिक्षणासाठी लिहिले आहे, म्हणजे कागदोपत्री तू अजून त्याच कामाला निघालेली आहेस, वाटेत आहेस. कंटिन्यू.” ते थट्टा करतात, पण पुस्तके भुसावळहून त्यांनीच आणून ठेवली. सासूबाईंना मी विचारले. त्यांना इंग्रजी येत नाही. त्या म्हणाल्या, “रांधून झाल्यावर कर काय करायचे ते. पण करत बसू नको.” मुलगी म्हणाली, “बघ, आजीला सगळे येते.”

मला स्वतःला गणिताची भीती वाटते. इंग्रजीची आता कमी वाटते. गेल्या सहा महिन्यांत रोज दुपारी भांडी झाल्यावर अर्धा तास मी मुलीच्या जुन्या पुस्तकातला धडा वाचते. दोनदा खंड पडला, एकदा नणंदेच्या घरचे लग्न म्हणून आणि एकदा कंटाळा म्हणून. शिवणवर्गाच्या दोघी मुलीही येऊन बसतात. त्यांतली एक ती अकरा ब्लाऊजवाली. ती माझ्यापेक्षा हुशार आहे, आठवी झालेली आहे, आणि कीपच्या पुढे इंग लावायला विसरत नाही. ती फॉर्म भरणार हे ठरले. माझे तिने मला रोज विचारून विचारून डोके उठवले आहे, म्हणजे शी कीप्स ऑन आस्किंग.

या वर्षीच्या खोलीचा अर्ज मी जानेवारीतच दिला. त्यात ‘परवानगी मिळावी’ आहे, तारखा आहेत, आणि ‘कंटिन्यू’ आहे. पोच घेतली आहे. उत्तर आले, त्यात तारखांसकट मंजुरी आहे. या खेपेला तो कागद देवघरात ठेवला नाही, मंडळाच्या फाइलीत लावला.

स्मरणिकेच्या संपादिकाबाईंनी काल मला विचारले, भाषणाखाली तुमचे शिक्षण काय छापू? मी म्हटले, सातवी छापा. त्या म्हणाल्या, ‘चालू’ असे छापू का? मी नको म्हटले. फॉर्म भरावयाच्या तारखा अजून लागलेल्या नाहीत.